पुरोहिताचा रकाना

रक्ताचा थेंब काचेवर पसरवताना रुपाचा हात सहा वर्षांत कधी अडखळला नव्हता. थेंब काचेच्या एका टोकाला घ्यायचा, दुसरी काच तिरपी टेकवायची, थेंब तिच्या कडेनं धावू द्यायचा आणि एकाच हालचालीत पुढे न्यायचा. नीट जमलं की थेंबाची शेपटी पाखराच्या पिसासारखी विरत जाते आणि त्या विरण्यात पेशी सुट्या सुट्या दिसतात. त्या मंगळवारी दुपारी लॅबच्या मागच्या टेबलावरून हसण्याचा आवाज आला आणि पीस मध्येच तुटलं. काचेवर एक तांबडा ओरखडा उरला, पुढे काही नाही. तिनं ती काच टाकली, दुसरी घेतली, आणि घेतलेली काच हातात धरून तशीच बसून राहिली. हसणं मोबाइलमधलं होतं. काउंटरवर पेशंटची नावं लिहून घेणारी वर्षा डबा खाता खाता काहीतरी बघत होती. मोठ्या मांडवातलं, हजारभर माणसांचं हसणं. त्यात बायकांचं हसणं वेगळं ऐकू येत होतं, बांगड्यांसकट. मग एक भरदार, सवयीचा आवाज पुन्हा वर आला. "बाईनं लावलेलं लग्न! मग बारसंही तिनंच करावं, दहावंही तिनंच करावं, आणि पुरुषानं काय, भांडी घासावीत? ज्या तोंडाला महिन्याचे चार दिवस विटाळ, त्या तोंडानं लग्न लागतं होय? ते लग्न नव्हे, ते नुसतं गाणंबजावणं. आणि त्या घरातली लेकरं..." इथे कीर्तन सांगणारे महाराज थांबले. थांबायचं कुठे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उरलेलं वाक्य ज्यानं त्यानं आपल्या मनात पुरं केलं आणि मांडव पुन्हा हसला.

"रुपा, मुरबाडच्या सप्ताहातलं आहे. तुमच्याकडचंच ना गं?" वर्षानं मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. रक्त काढणारा संजू हात पुसत आला आणि म्हणाला, "भांडी आमच्या घरी मीच घासतो. मला तर कोणी महाराज म्हणत नाही." वर्षा हसली, पण लगेच सावरली. "थट्टा नको हं. बाकी ते फार चांगलं सांगतात. माझी आई त्यांचं ऐकायला लागल्यापासून दोन वर्षं गोळीशिवाय झोपते." रुपानं मान हलवली. ते खरं असणार. वर्षा खोटं बोलत नसे. रुपानं दुसरी काच पुढे ओढली, थेंब ठेवला, आणि ह्या वेळी पीस नीट उमटलं.

त्या महाराजांचा राग आला असता तर बरं झालं असतं, असं तिला दिवसभर वाटत राहिलं. राग आला की माणूस दुसऱ्याकडे बघतं. तिला ते हसणं ओळखीचं वाटलं होतं आणि म्हणून ती सारखी स्वतःकडे वळत होती. शहापूरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना, चैत्रात, हिरी आत्या वसतिगृहाच्या फाटकाशी आली होती. हिरी म्हणजे रुपाच्या बापाची, धाकलूची, थोरली बहीण. पाड्यावरून खर्डीपर्यंत चालत, पुढे जीपनं, हातात वाळवलेल्या मोहाच्या फुलांची पिशवी. उन्हानं कपाळ तापलेलं, पायांत नामानं, तिच्या नवऱ्यानं, बाजारातून आणलेल्या पुरुषी चपला. रुपाबरोबर दोघी मैत्रिणी होत्या. त्यांतल्या एकीनं विचारलं, "कोण गं या?" आणि रुपा म्हणाली, "गावाकडच्या. गाणी म्हणतात लग्नात." म्हणताना हसली. छोटंसंच, नाकातल्या नाकात. आत्या हातभर अंतरावर होती. तिनं पिशवी गजांमधून आत दिली, "पेपर कवा हायेत गो तुजे?" असं विचारलं, उत्तर ऐकलं आणि गेली. नंतर रुपानं ते वाक्य कितीदा तपासलं. त्यात चूक सापडत नव्हती. आत्या लग्नात गाणी म्हणतेच. डॉक्टर कागदावर रेघोट्या ओढतात, तसंच.

हिरी आत्या धवलेरी होती. रुपाच्या पाड्यावर आणि आसपासच्या नऊ पाड्यांत लग्न ती लावी. बाकी कोणी नाही. पहाटे मांडवात बसायची, पुढ्यात सूप, सुपात तांदूळ, आणि गायला लागायची. आधी कणसरीला, धान्याच्या देवीला हाक, मग डोंगरांना, माहुलीपासून माळशेजपर्यंत एकेकाला नाव घेऊन, मग पाण्यांना, भातसा, तानसा, शाई, काळू, मग वराच्या घरातल्या मेलेल्यांना, मग वधूच्या. सगळे आले की मग लग्न. कोणी राहिलं तर नाही. लहानपणी रुपानं बापाला विचारलं होतं, "आते चुकली तं?" धाकलू म्हणाला होता, "तं लग्न लागत नाय. पुना पयल्यापून." कॉलेजात प्रयोगवही लिहायची सवय लागल्यावर एका लग्नात रुपा हातातलं घड्याळ लावून बसली. चार तास अकरा मिनिटं. शंभराच्या वर नावं तिनं वहीत उतरवली. पाच महिन्यांनी दुसऱ्या लग्नात वही उघडून बसली. डोंगर आणि पाण्यांच्या क्रमात एकाची अदलाबदल नव्हती. ज्या यंत्रावर ती आज काम करत होती त्याला दर सोमवारी जुळवून घ्यावं लागे. आत्याला कोणी जुळवून घेत नव्हतं. ती हे सगळं पारू म्हातारीकडून शिकली होती, तिच्यामागून लाकडं वेचत, अकरा वर्षं. पारू एकदाच सांगे. दुसऱ्यांदा विचारलं तर हिरीच्या मोळीत दोन लाकडं वाढवी. "मान कशी मजबूत झाली मंग," असं आत्या सांगायची. किती लग्नं लावलीस, असं विचारलं तर म्हणायची, "मोजाया काय त्या कोंबड्या हायेत?"

त्या आठवड्यात तो व्हिडिओ सगळीकडे गेला. टीव्हीवर चौकटीत चौकटी करून माणसं बसली. एका चौकटीतल्या बाई संविधानाचं कलम सांगत होत्या, दुसऱ्या चौकटीतले गृहस्थ म्हणत होते की मागचापुढचा संदर्भ तोडला आहे, तिसरे म्हणत होते की बायकांनी पौरोहित्य करावं, पण आधी रीतसर संस्कृत शिकावं. महाराजांनी 'कोणाचं मन दुखावलं असेल तर' असं एक पत्रक काढलं. ठाण्यात मोर्चा निघाला, त्याच्यासमोर दुसरा निघाला. सगळे मोठ्यानं बोलत होते, आणि रुपाच्या ध्यानात आलं की ह्या सगळ्यांच्या बोलण्यात बाई म्हणजे जिला परवानगी द्यायची किंवा द्यायची नाही, अशी कोणीतरी होती. चार पिढ्या, दहा पिढ्या, कोणाची परवानगी न विचारता जी लग्नं लावत आली, ती कोणाच्याच चौकटीत नव्हती. संध्याकाळी ती जांभळ्या झाकणांच्या नळ्या ओळीनं उभ्या करायची. विटाळाचं रक्त, बिनविटाळाचं रक्त. यंत्रात फिरवलं की वर पिवळसर पाणी, खाली लाल गाळ, मध्ये पांढरी बारीक रेघ, सगळ्यांचं तसंच. चिठ्ठी निघाली तर नळी बाईची की बाप्याची हे तिलासुद्धा सांगता आलं नसतं. फरक असलाच तर रिपोर्टच्या उजव्या बाजूला, जिथे बाईला रक्त थोडं कमी असलं तरी चालतं असं छापलेलं असतं.

गुरुवारी सुयोगचा फोन आला. सुयोग वैशाखरे गावचा, मुरबाडला वीज कंपनीत लाइनमन. खांबावर चढताना न घाबरणारा आणि बापासमोर बोलताना घाबरणारा. रुपाचं आणि त्याचं लग्न ठरून चार महिने झाले होते, तीन आठवड्यांवर आलं होतं. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "बाबा म्हणतायत, लग्न महाराजांच्या माणसानं लावायचं. महाराज स्वतः धाडतो म्हणाले." आणि लगेच पुढे म्हणाला, "तुला माहीत आहे ना, बाबांची दारू त्यांनीच सोडवली. तीन वर्षं झाली. आधी आई आणि मी कसे दिवस काढले ते... मी नाही म्हणू शकत नाही गं. तू म्हणशील तसं करू." नाही म्हणू शकत नाही आणि तू म्हणशील तसं करू. हे वाक्यही तिनं तपासलं. ह्यात मात्र चूक होती, पण ती सुयोगची एकट्याची नव्हती.

कारण तिच्या पिशवीत विवाह नोंदणीचा कोरा नमुना होता. ग्रामपंचायतीतून आधीच आणून ठेवलेला, घडी न मोडलेला. वराचं नाव, वधूचं नाव, तीन साक्षीदार, आणि त्यांच्याखाली रकाना: लग्न लावणाऱ्या पुरोहिताचे नाव, वय, पत्ता, सही. चार वर्षांपूर्वी तिच्या भावाचं, हनुमानचं लग्न झालं तेव्हा हाच नमुना तिनं भरला होता. घरात तिचंच अक्षर चांगलं. पेन ह्या रकान्यावर आल्यावर ग्रामसेवक म्हणाले होते, "तिथं बाजारपेठेतल्या भटजींचं टाका. तुमच्या सगळ्या पाड्यांचं तेच असतं. सही मी आणून ठेवतो." आणि तिनं टाकलं. ते भटजी पाड्यावर कधी आले नव्हते. त्यांना पाड्याची वाटही ठाऊक नसणार. लग्न आत्यानं लावलं होतं, पहाटेपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत, आवाज बसल्यावर कोमट पाण्याचा घोट घेऊन पुन्हा. रुपाच्या अंगावर त्याच लग्नातलं लुगडं होतं आणि ती टेबलाशी बसून वळणदार अक्षरात दुसऱ्याचं नाव लिहीत होती. आपण न तपासलेल्या नमुन्याच्या रिपोर्टवर सही करायला तिनं नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मालकाला नकार दिला होता. त्या गोष्टीचा तिला अभिमान होता. ती नाकारलेली सही आणि हे लिहिलेलं नाव, मध्ये फार तर दोन वर्षांचं अंतर. तरीही त्या दोन गोष्टी तिच्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्या नव्हत्या. पाड्यातल्या सगळ्यांचंच असं होतं. लग्न खरं करायला आत्या आणि कागद खरा करायला भटजी, ह्यात कोणाला काही खुपत नव्हतं. महाराज जे मांडवात ओरडून म्हणाले, ते आम्ही कागदावर गुपचूप मान्य करून बसलो होतो, असं तिला वाटलं, आणि कल्याणच्या त्या भाड्याच्या खोलीत तिला एकदम उकडायला लागलं.

रविवारी अनंता, म्हणजे सुयोगचा बाप, गिरजा ही त्याची आई आणि सुयोग असे तिघं पाड्यावर येणार होते. रुपा शनिवारीच पोचली. खर्डीला उतरलं की तिच्या बोलण्यातलं शहर आपोआप गळून पडायचं. रिक्षावाल्याशी बोलेपर्यंत ती पाड्याची झालेली असे. मोहाचा बहर सरत आला होता. झाडांखाली अंगण झाडून ठेवलेलं, त्यावर पिवळट फुलं, आणि सगळीकडे तो गोड, जरा आंबूस वास. आत्या अंगणात सूप घेऊन बसली होती आणि तांदळातले खडे निवडत होती. महाराजांचं तिनं ऐकलं होतं. हनुमाननंच मोबाइलवर दाखवलं होतं. "काय वाटलां तुला?" रुपानं विचारलं. आत्यानं एक खडा अंगणात भिरकावला. "आवाज चांगला हाय त्याचा. गाणां शिकवलां असतां कोनी तं गायला असता." नामा चुलीपाशी चहा करत होता, तो आतून म्हणाला, "म्होरल्या लग्नाला बोलाव त्याला. मोली उचलाया." आत्या हसली नाही. खडे निवडत राहिली. रुपाला फाटकाच्या गजांमधून आत आलेली पिशवी आठवली. ते बोलायचं होतं. दहा वर्षं बोलायचं होतं. पण "आते" एवढं म्हटल्यावर आत्यानं नुसतंच "हां" म्हटलं, आणि रुपा तिच्यासमोर बसून खडे वेचू लागली. आत्याला एका खड्यामागे जेवढा वेळ लागे तेवढ्यात रुपाला दोन सापडत. मग आत्यानं तिनं निवडलेला एक 'खडा' उचलून परत सुपात टाकला. तो तांदूळच होता, कणीचा. "काचंतून बघून बघून डोले गेले तुजे," ती म्हणाली.

रविवारी पाहुणे सकाळी दहाला आले. अनंता दारूच्या दिवसांत कसा होता ते रुपानं पाहिलं नव्हतं. समोरचा माणूस धुतल्या कपड्यांतला, गळ्यात तुळशीची माळ घातलेला, बोलायला मऊ होता. तेच अवघड होतं. आरडाओरडा करणाऱ्याला नाही म्हणता येतं. "आमचां काय वाकडां नाय," तो म्हणाला. "हिरीबायनी गावां, मान घ्यावा, लुगडां घ्यावां. पन लग्न म्हाराजांचे बुवा लावतील. कागदाव नाव पन त्यांचांच. म्हाराजांचा सबुद हाय." मग माळेला हात लावून म्हणाला, "ही नसती ना, तं मी आज हितं बसाया नसतो. ह्या गिरजाला इचारा." गिरजा मोहाखाली बसली होती. तिनं मान हलवली आणि नजर खाली केली. सगळे धाकलूकडे पाहायला लागले. धाकलू मुलीचा बाप. आपल्या बहिणीकडे न बघता तो म्हणाला, "तुमी म्हनाल तसां." रुपाला बापाचा आवाज ऐकू आला आणि त्याच्यामागे आपलाच आवाज ऐकू आला. गाणी म्हणतात लग्नात. त्याच जातीचा, तेवढाच लहान. आत्याचा हात सुपात जरा थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"मामा," रुपा म्हणाली. सासऱ्याला पाड्यात मामाच म्हणतात, पण तिनं अजून कधी हाक मारली नव्हती. छातीत ठोके पडत होते, ते ती मोजू लागली. हीही सवयच. "कागद मी भरनार हाय. हनुमानच्या लग्नाला मीच भरला. त्याच्याव मी लबाड नाव लिवलां. लग्न आतेनं लावलां आन नाव बाजारपेठेच्या भटजीचां. तो मानूस मी आजून पायला नाय." हनुमान चमकून बघायला लागला. त्याला हे ठाऊकच नव्हतं. "ह्या खेपेला जो लग्न लावंल त्याचांच नाव लिवनार. आन माजां लग्न आतेनंच लावायचां. दुसऱ्यानं लावलेलां मला चालनार नाय." अनंता तिच्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे, दमल्यासारखा. "पोरी, तुला चालायचा न चालायचा सवाल नाय यो..." "मला पन चालनार नाय," सुयोग म्हणाला. हे त्याचं त्या दिवसातलं पहिलं वाक्य. म्हणून झाल्यावर खांबावरून खाली बघावं तसं त्यानं स्वतःच्या पायांकडे बघितलं.

मोहाचं एक फूल टपकन सुपाशेजारी पडलं. रुपाच्या मनात आलं, आत्ता हा माणूस उठेल, जाईल, आणि वाटेत कुठेतरी बसेल. तीन वर्षांनी ग्लास हातात घेईल आणि तो ग्लास आयुष्यभर माझ्या नावावर राहील. ही भीती खरी होती. गिरजाच्या गुडघ्यावरचा हात घट्ट वळलेला होता, म्हणजे तिलाही तीच भीती असणार. आणि बोलली तीच. अनंतानं माळ घातल्यापासून ती त्याला 'तुमी' म्हणत असे, तसं महाराजांनी सांगितलेलं होतं. "म्हाराज म्हनले, बाईनं लावलेलां लग्न लग्न नव्हं," ती खालच्याच आवाजात म्हणाली. "आपलां तं पारूम्हातारीनं लावलां. मंग मी बत्तीस वरसां कोनाकडं ऱ्हायले रे? सांग ना." अनंता म्हणाला, "त्यांनी तसां नाय..." "तसांच म्हनले. मी फुडं बसले व्हते मांडवात. सगल्या हसल्या, मी पन हसले." तिनं तोंडाला पदर लावला. "घरी येऊन तुला वाढलां, मला वाढून घेतलां, आन मंग घास उतरंना. ह्यो सुयोग बघितला समोर जेवताना. म्हनलां, मी ह्याला हसले का काय?"

हजारभर माणसांच्या त्या हसण्यात रुपाला बांगड्या ऐकू आल्या होत्या. त्यांतल्या चार ह्या हातातल्या. ती गिरजाकडे बघत राहिली. सासू म्हणून नव्हे. फाटकाशी उभी असलेली एक जुनी ओळखीची पोर बघावी तसं.

आत्यानं सूप बाजूला ठेवलं. "अनंत्या," ती म्हणाली. माळ, धुतले कपडे, मुलाचा बाप, सगळं ओलांडून तिनं त्याला पोरासारखी हाक मारली. "तुज्या आज्याचां नाव काय?"

"लखमा."

"त्याच्या बाचां?"

अनंता विचारात पडला. ओठ हलले, नाव आलं नाही.

"जान्या," आत्या म्हणाली. "जान्याचा बा बुधा. बुधाचा धर्मा, धर्माचा काकड्या. काकड्याला दोन बायका, दुसरीचा सोन्या, तुमी सोन्याचे नव्हं, पयलीच्या धर्माचे." ती गात नव्हती, पण बोलण्याखाली सूर होता, वाळूखाली पाणी असतं तसा. "तुज्या लग्नात पारू गात व्हती आन मी सूप धरून व्हते. तवा ह्या समद्यांना बोलावलां, ते आले, मंग तुजां लग्न लागलां. आता तुज्या पोराच्या लग्नात बुवा यायचा तं येऊ दे, जेवू दे. पन ह्यांना कोन बोलावनार? बुवाला ठावं हायेत?" अनंता जान्या, बुधा, धर्मा, काकड्या असं तोंडातल्या तोंडात म्हणत होता, हरवलेली गुरं मोजावीत तसं. मग म्हणाला, "माळ मी काढनार नाय." आत्या म्हणाली, "नको काढू. माळेशी माजां काय भांडन? चांगली हाय माळ. गिरजा सुखानं झोपते." मग तिनं सूप परत ओढलं. "नामा, चा दे रे मानसांना. वाळून गेले बोलून बोलून." आणि धाकलू, जो इतका वेळ जमिनीकडे बघत होता, तो उठून कपबश्या आणायला आत गेला. जाताना बहिणीच्या पाठीवर त्यानं उगाच हात ठेवला.

लग्नात रुपा वधूसारखी बसली नाही, असं नंतर वर्षा म्हणाली. कल्याणहून वर्षा आणि संजू दोघंही आले होते. वर्षा पहाटेपासून मांडवाच्या खांबाशी बसून होती, मोबाइल पिशवीत ठेवून. रुपा ऐकत होती. ह्या खेपेला घड्याळ नव्हतं, वही नव्हती. डोंगर आले, पाणी आलं. जान्या आला, बुधा आला, पहिलीचा धर्मा आला, तेव्हा समोरच्या बाजूला माळ घातलेला माणूस हात जोडून बसला होता आणि प्रत्येक नावाला त्याची मान हलत होती. मग रुपाच्या घरातले. शेवटी वधू. तिथे आत्या दर लग्नात मुलीचं नाव घेई आणि ती काय करते ते सांगे. नाचणी लावणारी, मोह वेचणारी, टोपल्या विणणारी. रुपानं वहीत ती जागा रिकामी चौकट काढून सोडली होती, कारण ते दर वेळी बदलतं. आता तिथे काय येईल ह्याचा तिनं विचारच केला नव्हता. आत्यानं पाण्याचा घोट घेतला, आणि त्याच चालीत, एकही मात्रा न सांडता, कणसरीला सांगितलं: ही धाकलूची रुपा, काचेवर रगत मांडणारी, रगत वाचणारी. बाया पुढे गायल्या. रुपाला पुढचं काही नीट ऐकू आलं नाही. फाटकाशी जे बोलायचं राहून गेलं होतं ते आता बोलायची गरज आहे की नाही हे तिला कळेना, पण मान ताठ झाली होती, मोळी पेलल्यासारखी.

सोमवारी अकरा वाजता सगळे ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक तेच होते. नमुना वाचता वाचता खालच्या रकान्यावर आले आणि चष्मा वर केला. "अहो, पुरोहिताच्या रकान्यात बाई?"

"लग्न त्यांनी लावलं," रुपा म्हणाली.

"ते झालंच हो. पण कागदावर..."

"रकान्यात नाव, वय, पत्ता आणि सही एवढंच विचारलंय. बाई की बुवा, ते विचारलेलं नाही. वाचा ना."

त्यांनी वाचलं. तालुक्याला फोन लावला, पाठ फिरवून बोलले, दोनदा "हो, बाई. हो, धवलेरी" असं म्हणाले, आणि परत येऊन म्हणाले, "हरकत नाही म्हणतात. असं याआधी कोणी आणलंच नव्हतं." आत्या हे सगळं बाकावर बसून ऐकत होती, पायांत नामाच्या चपला. वय विचारल्यावर म्हणाली, "लिवा साठ. साठाच्या वर सांगितलां तं पोरी लग्नाला बोलवायच्या नायत." सहीचं विचारल्यावर तिनं डावा हात टेबलावर ठेवला.

रुपानं शाईचा डबा पुढे ओढला. सहा वर्षांत तिनं किती बोटं धरली होती. आत्याचा अंगठा लाकडासारखा होता, चिरांमध्ये हळद अजून पिवळी, नखाखाली तांदळाच्या पिठाची रेघ. तिनं तो शाईवर टेकवला, कागदावर एका कडेनं ठेवला आणि एकाच हालचालीत पलीकडच्या कडेला नेला. उचलला. रेघा उमटल्या, एकात एक, एकही न तुटता, आणि कडेला हळदीचा बारीक डाग. तिनं खाली लिहिलं, आपल्या वळणदार अक्षरात, हिरी नामा, धवलेरी.

ग्रामसेवकांनी शिक्का मारला, पेनाला टोपण लावलं, कागद उचलला. पण आत्या उठली नव्हती. ती आपला ठसा निरखून बघत होती, मान एका बाजूला करून, तांदळातला खडा शोधावा तशी. मग कोणाला न विचारता तिनं अंगठा पुन्हा शाईत बुडवला आणि वर धरला. शाई तिच्या मनगटाकडे ओघळायला लागली.

"हनुमानचा कागद काढ," ती ग्रामसेवकांना म्हणाली. "आन त्याच्या मागचे. समदे काढ."

ग्रामसेवकांनी भिंतीशी असलेल्या लोखंडी कपाटाकडे बघितलं. कपाटाची किल्ली टेबलावरच पडली होती. रुपानं ती उचलून त्यांच्या हातात दिली.